नारूचं पाणी

चैत्र सरता सरता विहिरींचं पाणी तळाला जायचं आणि आमच्या भागातली माणसं लंगडायला लागायची. मृगाच्या तोंडावर एकेका आळीत दोन-चार जण तरी पाय धरून बसलेले असत. पेरणीची घाई, तिफण दुरुस्त करून ठेवलेली, बियाण्याची जुळवाजुळव झालेली, आणि घरचा कर्ता माणूस ओसरीवर घोट्याला फडकं गुंडाळून पडलेला. विचारलं तर सांगायचे, "नारू निघालाय." त्यात कुणाला नवल वाटत नसे. उन्हाळा आला की नारू यायचाच, असंच लोक धरून चालत.

मी मराठवाड्यातल्या एका दुष्काळी तालुक्यात आरोग्य सेवक होतो. ऐंशीच्या दशकात माझ्या कामाचा मोठा भाग नारूचा होता. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. शाळांमध्ये बोलायला बोलावतात तेव्हा ओळख करून देणारे मास्तर मुलांना सांगतात, "पूर्वी नारू नावाचा रोग होता, तो औषधानं गेला." मी उठलो की आधी तेवढं दुरुस्त करतो. नारूवर औषध नव्हतं, लस नव्हती. आजही दोन्ही नाही. तरीही देवीनंतर भारतातून समूळ गेलेला दुसरा रोग म्हणजे नारू. तो घालवला विहिरीच्या कठड्यानं, पाणी गाळायच्या फडक्यानं आणि हापशानं. गावोगावच्या बायांनी, गवंड्यांनी, हापसा दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींनी घालवला. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत, म्हणून निदान त्यांनी काय केलं ते तरी नीट सांगायला हवं.

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी तो काय होता ते सांगतो. माझ्या लहानपणी शेजारच्या आज्जीला निघालेला मला चांगला आठवतो. आधी अंगावर पित्त उठलं, मळमळलं. मग घोट्याच्या वर टपोरा फोड आला आणि त्याची अशी आग व्हायला लागली की आज्जी रात्रभर पाय आपटत होती. सकाळी सुनेनं घंगाळात गार पाणी दिलं. आज्जीनं त्यात पाय सोडला तेव्हा कुठे तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. थोड्या वेळानं फोड फुटला, पाण्यात दुधट ढग पसरला, आणि जखमेच्या तोंडाशी पांढऱ्या जाड दोऱ्याचं टोक दिसायला लागलं.

तो दोरा म्हणजे नारूची मादी. लांबी दोन ते तीन फूट, जाडी दीड-दोन मिलिमीटर. कातडीखाली, स्नायूंच्या मधून वाट काढत ती बहुधा पायाकडे उतरते. क्वचित हातातून, पाठीतून, स्तनातूनही निघते. ती एकदम ओढून काढता येत नाही. आमच्या गावात हे काम तात्यांचं. ते ना वैदू होते ना डॉक्टर, पण त्यांच्या हाताला घाई नव्हती. तुरीच्या काडीचा बोटभर तुकडा घ्यायचे, नारूचं टोक त्याच्या चिरेत अडकवायचे, वरून पाण्याची बारीक धार सोडायची आणि काडी फिरवायची. बोटभर सुटला, दोन बोटं सुटला, की अंगठ्याला ताण कळायचा. तिथे थांबायचं. काडी फडक्यानं पायाला बांधून टाकायची आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी. "त्याला यायचंय तेवढंच येऊ द्यावं," असं ते आज्जीला रोज सांगत. पंधरा दिवस, महिना, कधी दोन महिने हे चालायचं. मधल्या काळात एरंडाचं पान गरम करून बांधत, निगडीचा शेक देत, कांदा ठेचून लावत. त्यानं ठणका थोडा कमी व्हायचा, पण नारू आपल्या चालीनंच निघायचा.

घाई करून ओढला की नारू तुटायचा. तुटलेला भाग आत आखडला की पाय सुजून यायचा, पू व्हायचा, ताप भरायचा. धनुर्वातानं माणसं गेलेली आहेत. गुडघ्यापाशी नारू तुटला तर सांधा कायमचा आखडायचा. काठी टेकत चालणारे असे दोघे-तिघे प्रत्येक गावात असत, आणि मजुरीवर पोट असलेल्या घरात एक पाय आखडला की त्या घराची सगळी घडी विस्कटायची. एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही, असंही नाही. या रोगाची प्रतिकारशक्ती येत नाही. दर उन्हाळ्याला नारू निघणारी माणसं मी पाहिली आहेत, एकाच वेळी तीन-तीन ठिकाणी निघालेलीही.

रोग फार जुना आहे. इजिप्तच्या एका ममीत चुना झालेला नारू सापडला आहे. आपल्याकडच्या वैद्यकग्रंथांत तो स्नायुक या नावानं येतो. एवढा जुना, डोळ्यांना दिसणारा, हातात धरता येणारा हा किडा येतो कुठून, हे मात्र हजारो वर्षं कुणाला कळलं नाही. याचं कारण त्याच्या चालीतच आहे.

फोड फुटून दुधट पाणी येतं त्यात लाखो अळ्या असतात. माणूस आग शमवायला पाण्यात पाय घालतो आणि नारू नेमकी तीच वेळ साधतो. अळ्या साठलेल्या पाण्यात पोहतात, आणि दोन-तीन दिवसांत त्यांना सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलपिसवेनं गिळलं नाही तर मरतात. गिळलं तर तिच्या पोटात दहा-चौदा दिवसांत त्या पुढच्या अवस्थेला जातात. मग कुणीतरी ते पाणी न गाळता पितो. जठरातल्या आम्लात सायक्लॉप्स मरते, अळी मोकळी होते, आतड्याची भिंत ओलांडून शरीरात शिरते. नर-मादीचा संयोग होतो, नर मरतो, मादी वाढत राहते. हे सगळं होताना माणसाला काहीच जाणवत नाही. तो नांगरतो, लग्नाला जातो, पंढरीची वारी करून येतो. जवळजवळ एक वर्षानं मादी कातडीपाशी पोहोचते आणि फोड येतो.

म्हणजे आज निघालेला नारू गेल्या उन्हाळ्यात प्यायलेल्या पाण्यातला. वर्षापूर्वी कुठल्या विहिरीचं पाणी प्यायलो ते कोण लक्षात ठेवतो? पटकीची गोष्ट वेगळी होती. गावात पटकी आली की दोन-तीन दिवसांत सगळ्यांना पाण्याचा संशय यायचा. नारूचं कारण आणि परिणाम यांच्यात पावसाळा, हिवाळा, दोन हंगाम आणि दिवाळी येऊन जायची. त्यामुळे लोक उन्हाला बोल लावत, वाताला लावत, देवीच्या कोपाला लावत. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला आजही राग येतो. समोरचा पुरावा पाहूनच ते बोलत होते. तो पुरावाच दिशाभूल करणारा होता.

ही साखळी पहिल्यांदा उलगडली ती मध्य आशियात. अलेक्सेई फेदचेंको हा रशियन निसर्गअभ्यासक तुर्किस्तानात फिरत होता. नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या शरीरात शिरतात आणि तिथे वाढतात, हे त्यानं १८७० मध्ये मांडलं. पुढे तीनच वर्षांत, तिशीही न गाठता, तो आल्प्समध्ये माँ ब्लांवर गारठून मेला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईत डॉ. डी. ए. तर्खड यांनी, अळ्या पोटात असलेली सायक्लॉप्स गिळली की माणसाला नारू होतो, हे प्रयोगानं दाखवलं. तीसच्या दशकात म्हैसूर संस्थानातल्या चित्रदुर्ग भागात मूर्ती या संशोधकांनी पायविहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडून पाहिले. त्याच्याही आधी बुखारा शहरात लिओनिद इसायेव्ह यांनी काम पुरं करून दाखवलं होतं. तिथे दगडी पायऱ्यांचे हौद होते. पखाली घेतलेले पाणके त्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालत, आणि शहर ते पाणी पीत असे. हौद उपसले, साफ केले, पाण्याची दुसरी सोय केली. १९३१ पर्यंत बुखाऱ्यातला नारू संपला.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ अस्वस्थ होतो. १८७० मध्ये कारण कळलं, १९३१ मध्ये एका शहरानं उपाय करून दाखवला, आणि आमच्या तालुक्यात १९८४ मध्ये मी काडीला गुंडाळलेले नारू मोजत फिरत होतो. कमी पडलं ते शास्त्र नव्हे. कोरडवाहू गावांपर्यंत चांगलं पाणी पोहोचवायची निकड कुणाला वाटली नाही.

आता आमच्या पाण्याबद्दल. आमच्याकडे पाणवठे दोन तऱ्हांचे. एक आड: अरुंद, गोल, वर कठडा, रहाट किंवा नुसती दोरी-पोहरा. आडातलं पाणी वरून शेंदायचं, माणसाचा पाय कधी पाण्याला लागत नाही. दुसरी बारव, म्हणजे पायविहीर. पायऱ्या थेट पाण्यापर्यंत. बारव बांधणाऱ्यांची अक्कल थोर. पाणी कितीही खाली गेलं तरी माणूस उतरून घागर भरू शकतो, दोरी लागत नाही, वाटसरू आणि जनावरं दोघांची सोय होते, आणि भर वैशाखात खालच्या टप्प्यावर गारवा असतो. परभणी जिल्ह्यात वालूरला चक्राकार उतरत गेलेली बारव आहे, चारठाण्याला आहे, साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटांची विहीर आहे. या वास्तू पाहून मान लवते. पण साध्या गावच्या साध्या पायविहिरीत, उन्हाळ्यात पाणी गुडघाभर उरलं की बाई शेवटच्या पायरीवरून पाण्यात उतरायची, घागर बुडवायची, आणि तिच्या पायाला नारू असला तर अख्ख्या गावाच्या पुढच्या वर्षाची बेगमी तिथेच होऊन जायची. पाणी आटलेलं, त्यामुळे सायक्लॉप्सही त्या थोड्या पाण्यात दाटलेली.

म्हणून नारू कुणाला झाला ते पाहिलं की गावाची रचना उघडी पडत असे. ज्यांच्या वाड्यात स्वतःचा आड होता त्यांच्याकडे नारू क्वचित. बारवेवर पाणी भरणाऱ्यांत जास्त. आणि ज्यांना बारवेच्या पायऱ्याही चढू-उतरू दिल्या जात नव्हत्या, त्या वस्तीच्या वाट्याला ओढ्यातलं साठलेलं डबकं. तिथे माणसं, जनावरं, धुणं, पिणं सगळं एकत्र. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी हातात घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. त्यानंतर अर्धशतक उलटलं तरी मी ज्या गावांत जात होतो तिथे पाणवठे मनात आणि व्यवहारात वेगळेच होते. अशा वस्तीत जाऊन "नारू असलेला पाय पाण्यात घालू नका" हे सांगताना जीभ जड व्हायची. एका म्हाताऱ्यानं मला शांतपणे विचारलं होतं, "मग साहेब, पाणी कुठून आणू?" माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. त्या वस्तीला हापसा द्यावा, असा अर्ज मी वरच्या कार्यालयात दिला आणि त्यासाठी वारंवार खेटे घातले. हापसा मंजूर झाला, पण बसला तो दुसऱ्याच आळीत, जिथे आधीच दोन आड होते. वस्तीतला हापसा त्यानंतर बऱ्याच काळानं आला.

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. दिल्लीची राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था त्याची आखणी करत होती. सुरुवातीच्या मोजणीत सात राज्यांतल्या ८९ जिल्ह्यांत, १२,८४० गावांत मिळून सुमारे चाळीस हजार रुग्ण सापडले. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, आंध्र, कर्नाटक, तामिळनाडू आणि आपला महाराष्ट्र. काम कागदावर सोपं होतं. वर्षातून तीनदा घरोघर शोध, दर महिन्याला अहवाल, नारू निघालेल्याची मलमपट्टी, धोक्याच्या विहिरींत औषध, घरोघर गाळणं, आणि त्या गावांना पाण्याच्या योजनेत आधी नंबर.

शोधाला निघताना हातात एक चित्र असायचं, पाय आणि त्यातून निघालेला नारू. आधी शाळेत जायचं. मुलं काही लपवत नाहीत. "माझ्या मामाला निघालाय," "आमच्या शेजारच्या काकूला." मग त्या घरी. बायका पटकन दाखवत नसत, त्यामुळे नर्सबाई बरोबर असल्या तर काम व्हायचं. नारू सापडला की जखम धुऊन, मलम लावून, पट्टी बांधायची. ही पट्टी रोग्यासाठी होतीच, पण त्याहून जास्त विहिरीसाठी होती. पट्टी बांधलेला माणूस सहसा पाण्यात उतरत नाही.

विहिरीत टाकायचं औषध म्हणजे टेमेफॉस. ते नारू मारत नाही, सायक्लॉप्स मारतं. मात्रा दहा लाख भाग पाण्याला एक भाग. आमच्याकडच्या पन्नास टक्क्यांच्या द्रावणाचं प्रमाण हजार लिटरला दोन मिलिलिटर पडायचं. त्यासाठी विहिरीत पाणी किती ते काढायला हवं. दोरीला दगड बांधून खोली मोजायची, काठावरून लांबी-रुंदी घ्यायची, पायऱ्यांचा उतार वजा करायचा, आणि वहीत गुणाकार. बारवेच्या कोनाड्यात देव असायचा, काठावर शेंदूर लावलेल्या साती आसरा. चपला वर काढून, आसरांना नमस्कार करूनच मी उतरत असे. म्हातारे काठावर बसून माझा हिशेब ऐकत. एकदा एकानं मोजणीतली चूक काढली. त्याच्या आजोबांच्या काळी गाळ काढताना विहीर किती खोल लागली होती ते त्याला तोंडपाठ होतं. वर्षातून आठ वेळा हे करावं लागे. लोकांना वासाची शंका, मासे मरतील ही शंका, बाळंतिणीला बाधेल ही शंका. मी पहिला तांब्या सगळ्यांसमोर पीत असे.

तरी माझा भरवसा औषधावर कमी आणि फडक्यावर जास्त होता. सायक्लॉप्स मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. दुपदरी दाट कापडातून ती जात नाही. सरकारनं बारीक नायलॉनच्या जाळीची गाळणी दिली. बायांनी ती वापरली, फाटली तेव्हा जुन्या लुगड्याचा दाट पदर घेतला, धोतराचं पान दुमडून घेतलं. पटवून द्यायचा एकच प्रकार कधी फसला नाही. काचेचा स्वच्छ पेला घ्यायचा, त्यांच्याच घागरीतलं पाणी भरायचं आणि उन्हाकडे धरायचं. पाणी नितळ दिसतं. नजर स्थिरावली की पांढरे ठिपके दिसायला लागतात, आणि ते झटके देत पोहतात. पुढे वाकून पाहणारी बाई एकदम मागे सरकायची. मग तेच पाणी फडक्यातून दुसऱ्या पेल्यात ओतायचं आणि पुन्हा उन्हाकडे धरायचं. ठिपके नाहीत. फडकं उलटं करून थोड्या पाण्यात झटकलं की सगळे परत हजर. यावर भाषण लागत नसे. फक्त एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागे, की फडक्याची वरची बाजू कायम वरच राहिली पाहिजे. उलटं घातलं तर अडकलेल्या सायक्लॉप्स घागरीत उतरतात. एका गावात बायांनी त्यावर तोड काढली. फडक्याच्या वरच्या बाजूला लाल दोऱ्याचा टाका घातला. मी तो टाका पुढच्या प्रत्येक गावात दाखवत गेलो.

खरी वादावादी झाली ती पायऱ्या बुजवण्यावरून. तोडगा पक्का होता. बारवेच्या तोंडाशी कठडा बांधायचा, पायऱ्यांची वाट बंद करायची, वर रहाट बसवायचे. पण बारव म्हणजे नुसतं पाणी नव्हतं. तिथल्या पायऱ्यांवर बाया घटकाभर टेकत, माहेरचं-सासरचं बोलत. लग्नातले विधी तिथे, आसरांचा नैवेद्य तिथे. शिवाय शेंदणं कष्टाचं. दोरीला पैसे पडतात, हाताला घट्टे पडतात, गरोदर बाईला ते झेपत नाही. हे आक्षेप खोटे नव्हते, आणि वरून आदेश आणून कठडा बांधलेल्या ठिकाणी दोन महिन्यांत दगड काढून वाट पुन्हा मोकळी झालेली मी पाहिली. जिथे आधी हापसा आला आणि मग कठडा घातला, तिथे कुणी दगड हलवला नाही. क्रम महत्त्वाचा होता. लोकांचं एक पाणी बंद करण्याआधी दुसरं द्यायचं, एवढी गोष्ट बऱ्याच अधिकाऱ्यांना उशिरा कळली.

हापशाची कथा तर आपल्या मातीतली आहे. सुरुवातीला खेड्यांत बसवले ते बिडाचे पंप, एका कुटुंबासाठी बनवलेल्या नमुन्याचे. दिवसभर शेकडो हातांनी हापसले की काही महिन्यांत मोडायचे. सत्तरच्या दशकाच्या मध्याला देशातले निम्म्याहून जास्त हातपंप बंद पडलेले होते. जालना आणि सोलापूर इथे मिशनच्या पाणी-कामातल्या कारागिरांनी पोलादी, सोप्या सांध्याचे पंप घडवले होते. त्यातल्या सोलापूर पंपाचा पाया घेऊन, युनिसेफच्या मदतीनं 'इंडिया मार्क टू' उभा राहिला. तो पुढे जगभर गेला. दांड्याच्या मागच्या बाजूला असलेली ती साखळी, तिचा खडखडाट आणि खालच्या सिमेंटच्या ओट्यावर मांडलेल्या घागरींची रांग आमच्या पिढीला वेगळी सांगायला नको. बाहत्तरच्या दुष्काळानंतर बोअर घ्यायच्या गाड्या गावोगाव फिरायला लागल्या. ते पाणी जमिनीखालून येत होतं. त्यात कुणाचा पाय जाणं शक्य नव्हतं, म्हणून नारूला त्यात वाट नव्हती. हापसा बसवणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण एक रोग संपवतो आहोत हे माहीत नव्हतं. त्यांना दुष्काळ हटवायचा होता.

आकडे मग भराभर उतरले. एका वर्षी शोधात नारू सापडले नाहीत की पुढच्या वर्षी सापडायची शक्यता आपोआप घटते, कारण आपल्याकडे माणसाशिवाय त्या साखळीला आधार नव्हता. नारू वर्षभर वाट पाहायला लावतो, हीच त्याची ताकद होती आणि तीच त्याला नडली. एक उन्हाळा कसोशीनं सांभाळला की पुढचं वर्ष जिंकता यायचं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला.

पण काम तिथे थांबलं नाही. पुढची वर्षं आम्ही अफवांच्या मागे फिरलो. नारूची खबर देणाऱ्याला रोख बक्षीस जाहीर झालं होतं. गावोगाव भिंतींवर ते रंगवलेलं होतं. लोक येत, "अमक्याला निघालाय." जाऊन पाहावं तर कुणाच्या गळवातून निघालेला तंतू, कुणाच्या जखमेत अडकलेला दोरा, कुणाचा पोटातला जंत. प्रत्येक खबरेची वहीत नोंद, चोवीस तासांत भेट, काय निघालं ते लिहून वर पाठवायचं. पाहणी करायला येणारी मंडळी आधी ती वही मागत. वही कोरी असेल तर त्यांना संशय यायचा, की इथे कुणी शोधलंच नाही. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. त्या दिवशी आमच्या केंद्रात आम्ही पेढे वाटले. गावात मात्र कुणाला फारसं काही वाटलं नाही. नारू त्यांच्या आयुष्यातून आधीच गेला होता.

जगात १९८६ च्या सुमारास वर्षाला अंदाजे पस्तीस लाख लोकांना नारू होत होता. २०२१ ते २०२४ या प्रत्येक वर्षी माणसांतले रुग्ण वीसपेक्षा कमी होते, सगळे आफ्रिकेतले. चाडमध्ये तो कुत्र्यांत शिरला आहे, त्यामुळे शेवटचा टप्पा लांबला आहे. तिथले कार्यकर्ते नारू निघालेले कुत्रे बांधून ठेवायला लोकांना तयार करतात, माशांची आतडी पुरायला सांगतात, तळ्यांत टेमेफॉस टाकतात. त्यांचं काम आमच्यापेक्षा अवघड आहे. कुत्र्याला पट्टी बांधून पाण्यापासून दूर ठेवता येत नाही.

अलीकडे आमच्या भागातली तरुण मुलं बारवा साफ करायला लागली आहेत. गाळ काढतात, झुडपं तोडतात, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावतात. मला मनापासून बरं वाटतं. त्यातली काही मुलं गेल्या वर्षी माझ्याकडे आली होती. एका बारवेच्या तोंडाशी मध्येच घातलेली सिमेंटची ओबडधोबड भिंत त्यांना काढायची होती. जुन्या घडीव दगडांत ती विद्रूप दिसते, कुणी मूर्खानं घातली असेल, असं त्यांचं म्हणणं. ती भिंत घालताना मी तिथे उभा होतो. गवंडी त्याच गावचा होता, आणि त्याच्या स्वतःच्या पायाला तेव्हा नारूची पट्टी होती, म्हणून तो पाण्याकडे न जाता वरून काम करत होता आणि माल कालवायला पाणी त्याची बायको हापशावरून आणत होती.

मी त्यांना म्हटलं, भिंत खुशाल काढा. आता त्या पाण्यात नारू नाही, आणि ते पाणी कुणी पीत नाही. पण बारवेचा इतिहास सांगणारा फलक लावणार असाल तर त्यावर ही भिंतही आली पाहिजे. ती का घातली, कुठल्या वर्षी घातली, कुणी घातली. त्यांनी कागद पुढे केला. मी गवंड्याचं नाव लिहिलं, वर्ष लिहिलं, हापशाची जागा लिहिली, आणि त्या उन्हाळ्यात गावात ज्यांना नारू निघाला होता त्यांची संख्या माझ्या जुन्या वहीतून उतरवून दिली. एवढं सगळं फलकावर बसणार नाही म्हणाले. मी म्हटलं, फलक मोठा करा.